भिंतीजवळची लादी

लालबागला आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, मी पाचवीच्या मुलांची शिकवणी घेते. परिमिती शिकवायची असली की पुस्तक बाजूला ठेवायला सांगते. खोलीत जुन्या चौकोनी लाद्या आहेत. त्यांच्या सांध्यांवरून खडूने आकार काढायचा आणि मुलांनी कडेकडेने चालत बाजू मोजायच्या. लादीची एक बाजू म्हणजे एक.

गेल्या वर्षी असाच एक ‘एल’ काढला होता. त्याची लांब बाजू भिंतीला लागून होती. सगळ्यांचं उत्तर सोळा आलं, एका मुलीचं अठरा. ती नुकतीच कुडाळहून आईवडलांबरोबर शेजारच्या खोलीत राहायला आली होती. मुलगी हुशार, म्हणून मी तिला पुन्हा चालायला लावलं. भिंतीकडेने जाताना ती मधल्याच एका लादीपाशी थांबली, आत वळली आणि लादीला वळसा घालून परत भिंतीशी आली. एका बाजूच्या जागी तीन झाल्या. तिने मोजलेलं बरोबरच होतं.

सरळ का गेली नाहीस, असं मी विचारलं.

"कशी जाणार, टीचर? ते आजोबा बसलेत ना," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन पेन्सिलीला टोक काढू लागली.

गिरणी बंद पडल्यापासून माझे सासरे त्याच लादीवर बसायचे. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा फोटोसुद्धा गावच्या घरी आहे. मी मुलांना लवकर सोडलं. नवरा म्हणाला, चाळीतलं कुणीतरी बोललं असेल तिच्यासमोर. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी केर काढताना त्या लादीपाशी माझा हात अडला. बोटांनी ठोकून पाहिलं, तर आवाज पोकळ आला.

नवऱ्याने ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. त्याने लादी उचलली आणि आम्हाला मागे सरायला सांगितलं. खालची लाकडी तुळई वाळवीने पार खाल्ली होती. भोकातून खालच्या बिऱ्हाडातला उजेड दिसत होता. एखादं मूल तिथे उभं राहिलं असतं तर?

गवंड्याने वाकून भोकात हात घालून पाहिलं. "वहिनी, ही लादी इतके दिवस कशावर राहिली, तेच कळत नाय," तो म्हणाला.

लोखंडी अँगल टाकून नवी लादी बसवली. तिचा रंग काही जुळला नाही. शिकवणी पुन्हा सुरू झाली तेव्हा न राहवून मी त्या मुलीला हळूच विचारलं, आजोबा आहेत का गं अजून?

"नाही. गवंडीकाका आले तेव्हा उठले ते," ती म्हणाली.

संध्याकाळी मी हे नवऱ्याला सांगितलं. चहाचा कप घेऊन तो बाहेर गॅलरीत जाऊन बसला आणि अंधार पडेपर्यंत आत आला नाही.