आबांचा चष्मा आणि शहरं पाडणारा रोबो

मंडळी, आज लिहायला बसले होते दुसरंच काहीतरी, पण आधी हे ऐका.

समू माझी सहा वर्षांची पुतणी. तिच्याकडे एक रोबो आहे, कॉमिक्समधला व्हिलन. शहरंच्या शहरं पाडतो, एका हाताच्या जागी तोफ. हिरोचं खेळणं आणलं तर नको म्हणाली, तिला हाच हवा.

दुपारी तिने त्याला पलंगावरून उडवला आणि तो थेट आबांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, तोंडावर. चष्मा पडला, काच तडकली.

"मी नाही, त्याने उडी मारली!" समू ओरडली आणि पळाली.

आबांनी चष्मा उचलून खिशात ठेवला. आता अलिबागला जाऊन काच बदलेपर्यंत त्यांचा पेपर बंद.

संध्याकाळी आम्ही बुद्धवंदनेला बसलो. समू रोबोला छातीशी धरून दारातच उभी.

"ये की गं," आबा म्हणाले.

"हा वाईट आहे. आत नको."

"त्यालापण घेऊन ये. बसेल गप."

समू बसली आणि रोबोचे हात जोडायला लागली. तोफ काही वळेना. तिचे डोळेच भरले.

"राहू दे. बसला हाय ना, तेवढं पुरे," आबा म्हणाले.

वंदना झाल्यावर ती आबांच्या मांडीवर चढली. "आबा, त्याने नाही. मीच फेकला."

"ठाऊक हाय. फुटायच्या आधी चष्म्यातनं सगळं दिसलं की मला!"

समू आधी हसली, मग जोरात रडली. आबा तिला थोपटत राहिले.

सगळं माहीत असून, तुम्ही स्वतःहून सांगायची वाट बघणारं असं कुणी तुमच्या घरात आहे का?