गोळी घेतलीस का?

घरी तिला खटपटी म्हणत. ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं, तरी पहिल्याच आठवड्यात तेच नाव पडलं. काही नावं माणसाच्या आधी पोचतात ती अशी. संगणकाचे प्रोग्राम लिहिणं हे तिचं पोटापाण्याचं काम, पण ते संपलं की लोक घरी जात आणि ही दुसरं काम काढून बसे. कुंडीतल्या रोपाला तिने असं यंत्र जोडलं होतं की माती सुकली की रोप तिच्या फोनवर टोमणे पाठवी : "आमचं काय, राहू असेच." 'आता घरी जाऊ का?' एवढा एकच प्रश्न विचारता येईल अशी वेबसाइटही तिने केली होती. साइट दर वेळी नवं कारण देऊन 'जा' म्हणे. या नसत्या उपद्व्यापांत तिचा जीव पगाराच्या कामापेक्षा जास्त रमायचा, आणि तिला त्याची लाज वाटत नसे.

नोकरी मात्र ती धरायची नव्या, चिमुकल्या कंपन्यांत. चार टेबलं, एक पांढरा फळा आणि तोंडी जग बदलायची भाषा. अशा तीन कंपन्या तिच्या डोळ्यांदेखत बुडाल्या. शेवटची बुडाली तेव्हा ती फक्त टोमणे मारणारं रोप काखोटीला मारून घरी आली. वडील म्हणाले, "पोरी, तुझा पायगुण एकदा तपासून घे बाई." ते थट्टेने म्हणाले, पण तिला ते लागलं. चौथी कंपनी काही झालं तरी बुडू द्यायची नाही, असं तिने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

ही चौथी कंपनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. खालून हवा भरल्याचा फुसफुस आवाज यायचा. कंपनी काढणाऱ्या तरुणाला सगळे कप्तान म्हणत, कारण 'आपण सगळे एकाच बोटीत आहोत' हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी म्हणे. तीन बोटी बुडताना पाहिलेल्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल ते विचारू नका. कंपनीचं काम साधं होतं. आजारी माणसांना फोनवर गोळीची आठवण करून द्यायची, आणि त्यांनी गोळी घेतली की 'घेतली' हे बटण दाबायचं. एका मोठ्या दवाखान्यातल्या हृदयरोगाच्या डॉक्टरबाईंनी आपले रुग्ण आजमावून पाहायला दिले होते. महिनाअखेरीपर्यंत निम्म्या लोकांनी तरी बटण दाबलं तर सगळा दवाखाना कंपनीचा, नाहीतर नमस्कार. दुसरा कुणी दारात उभं करत नव्हता, म्हणजे नमस्कार तो कायमचाच.

आणि लोक बटण दाबत नव्हते. संदेश किती सभ्य होता पाहा : 'प्रिय ग्राहक, आपल्या औषधाची वेळ झाली आहे. कृपया नोंद घ्यावी.' लोक नोंद घेत. गोळी घेत नसत. कप्तानाने अक्षरं मोठी केली, बटणाचा रंग बदलला, शेवटी एक हसरा चेहराही टाकला. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच सुमाराला खटपटीच्या घरी वेगळंच नाटक चाललं होतं. तिचे वडील गाडी शिकवायचे. अर्ध्या गावाला ब्रेक दाबायला त्यांनी शिकवलं, पण स्वतः कुणाचं ऐकायचं नाही हा त्यांचा बाणा. रक्तदाबाची गोळी ते घेत ती फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीच्या धाकाने. खटपटीची आई लवकर गेली, तेव्हापासून ही आत्या त्यांच्याकडेच राहायची. जन्मभर ती मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. तळमजल्यावरून बोलली तरी तिसऱ्या मजल्यावरचे दिवे बंद होत. गंमत म्हणजे भावाच्या गोळीवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्या या बाईची स्वतःची गोळी मात्र चष्म्याच्या डबीत तशीच पडलेली असे. "मला काय धाड भरलीये," असं ती म्हणे.

त्या महिन्यात आत्या आपल्या मुलाकडे राहायला गेली आणि वडिलांनी गोळी सोडली. खटपटीने विनवलं, रागावून पाहिलं. शेवटी तिने आपल्या पद्धतीने उपाय काढला. आत्याला फोन करून म्हणाली, "आत्या, बाबांना ओरडतेस तसं एकदा ओरड बरं. शेवटी 'एक दाब' असंही म्हण. मी रेकॉर्ड करते." आत्याने आढेवेढे घेतले नाहीत. मग खटपटीने असा प्रोग्राम लिहिला की रोज सकाळी वडिलांचा फोन वाजेल आणि आत्या बोलेल. फोन लावायची, आणि ऐकणाऱ्याने एक दाबलं की 'घेतली' अशी नोंद करायची यंत्रणा कंपनीकडे तयारच होती. कंपनीच्या यंत्रणेवर खेळ करायचे नाहीत, असं कप्तानाने बजावून ठेवलं होतं, पण ही आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. वडील पहिल्याच दिवशी फोन कानाला लावून उभे राहिले, ते गोळी घेऊनच बसले.

आठवडाभर सुरळीत चाललं. मग समोरच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या सहकाऱ्याने ते कसं केलंय ते बघायला मागितलं. आपलं काम दुसऱ्याला दाखवताना घरच्यांचे नंबर त्यात ठेवायचे नाहीत, ही या धंद्यातली चांगली सवय. खटपटीने वडिलांचा नंबर पुसला आणि ती जागा रिकामी ठेवली. नंबर नाही, म्हणजे फोन कुणालाच जाणार नाही, असा तिचा हिशेब. पण 'नंबर दिला नसेल तर सगळ्यांना लावा' असं त्या यंत्रणेला कुणीतरी पूर्वी घाईत शिकवून ठेवलं होतं. ते कुणीतरी म्हणजे खटपटीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंच्या झाडून सगळ्या रुग्णांचे फोन वाजले. निवृत्त न्यायाधीश होते, दुकानदार होते, शिक्षिका होत्या, कुणाच्या आज्या होत्या. सगळ्यांच्या कानात आत्या कडाडली :

"काय, गोळी घेतलीस का? नाही ना? समोरच आहे ती, चावत नाही. माझ्याशी नाटकं नकोत. पाणी घे, गोळी घे आणि एक दाब. मी इथेच उभी आहे."

खटपटी ऑफिसात पोचली तेव्हा कप्तान फळ्यासमोर उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आपल्या रुग्णांना कुणीतरी बाई झापतेय," तो म्हणाला. "कुणी घुसलंय का आपल्या यंत्रणेत?"

ती बाई कोण ते तिच्या लगेच लक्षात आलं. गप्प बसली असती तर दिवसभर तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण चौथीही बोट आपल्याच पायाने बुडणार असेल तर निदान तोंड लपवून नको, असं तिला वाटलं.

"ती माझी आत्या आहे," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

कप्तान बराच वेळ बोलला. शेवट असा होता की दवाखाना गेला, कंपनी गेली, आता रोप उचल आणि जा. खटपटी खरोखरच रोपाकडे वळली. डोळे भरून आले होते, त्यामुळे कुंडी दोनदा हातातून सुटता सुटता राहिली.

"एक मिनिट थांबा," चष्मेवाला म्हणाला. त्याचे डोळे पडद्यावर होते. "लोक एक दाबतायत."

पडद्यावर नावांसमोर हिरव्या खुणा उगवत होत्या. एक आली, चार आल्या, मग मोजायच्या आतच पडदा भरत गेला. ज्यांनी महिनाभर बटणाला बोट लावलं नव्हतं तेही निमूट एक दाबत होते. खालच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. वर कुणी श्वास घेत नव्हतं. निम्म्याचा आकडा कधीच मागे पडला होता.

तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. कप्तानाने तो चटका बसल्यासारखा टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"सकाळपासून मला रुग्णांचे फोन येतायत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विचारल्याशिवाय असा प्रकार पुन्हा केलात तर माझ्याशी गाठ आहे. ज्यांना हवं त्यांनाच हा फोन जायला पाहिजे. कळलं?"

"हो," कप्तान म्हणाला.

"न्यायाधीशसाहेब म्हणाले, मला गेल्या चाळीस वर्षांत कुणी अरेतुरे केलेलं नाही. आणि उद्याही तीच बाई बोलणार आहे ना, असं विचारून त्यांनी फोन ठेवला." बाईंच्या आवाजात हसू होतं. "कोण आहे हो ही? मला ती सगळ्या दवाखान्यासाठी हवी आहे."

कप्तानाने खटपटीकडे पाहिलं. मग तिच्या हातातली कुंडी घेतली आणि जाग्यावर नेऊन ठेवली. माफी मागायची त्याची पद्धत ती एवढीच, पण तिला पुरली.

संध्याकाळी तिने आत्याला फोन केला. झालं ते सांगितलं, परवानगी मागितली आणि ओरडा खायची तयारी ठेवली.

"इथे मला कुणी काही विचारत नाही गं," आत्या हळूच म्हणाली. "सून चांगली आहे, पण सगळ्यांना सगळं येतं. वसतिगृहात माझ्या हाताखाली दीडशे पोरी होत्या. आता किती म्हणालीस?"

"हजारावर आहेत, आत्या. अजून वाढतील."

"मग ते परत म्हणायला हवं. तेव्हा भाजी चिरता चिरता म्हटलं होतं."

चार दिवसांनी आत्या सायकलच्या दुकानावरचा जिना चढून आली, इस्त्रीची साडी नेसून, हातात पर्स घेऊन. कप्तानाला तिने आधी बूट ओळीत लावायला सांगितले. मग खुर्चीत ताठ बसून रागावली, समजावलं, दटावलं. एक दाबल्यावर ऐकू यावं म्हणून बायकांना 'शहाणी' आणि पुरुषांना 'शहाणा' असं वेगवेगळं म्हणून दिलं. ऐकताना चष्मेवाल्याने नकळत पाठ सरळ केली.

मधेच तिच्या पर्समध्ये फोन वाजला. "कोण आहे हा आता," म्हणत तिने तो कानाला लावला. खटपटी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आदल्या दिवशी घरी वडील तिच्या टेबलाशी घुटमळत आले होते आणि म्हणाले होते, "माझंही एक रेकॉर्ड करून घे. कुणाला सांगू नकोस."

"ताई," आत्याच्या कानात तिचा भाऊ बोलत होता, "मी माझी घेतली. तू घेतलीस का? चष्म्याच्या डबीत आहे, मला माहीत आहे. मी इथेच उभा आहे."

आत्याने डबी उघडली, कप्तानाने पुढे केलेलं पाणी घेतलं, गोळी गिळली आणि एक दाबलं.

"शहाणी आहेस," भाऊ म्हणाला.

जन्मभर तिने हे दुसऱ्यांना म्हटलं होतं. तिने पदराने डोळे टिपले, फोन पर्समध्ये ठेवला आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"बघत काय बसलात," ती म्हणाली. "पुढचं घ्या."