ऋतुजाने भरलेला फॉर्म

पुण्यात बसून मी एका प्रश्नावलीचं मराठी भाषांतर केलं होतं. बरा न होणारा आजार असलेल्या मुलांसाठीची प्रश्नावली. आजारावर उपाय उरत नाही, तेव्हाही दुखणं कमी व्हावं, दिवस बरे जावेत म्हणून काळजी घेतली जाते. तिचा उपयोग होतोय का, हे त्या प्रश्नांतून मोजायचं. एक फॉर्म मुलानं भरायचा, दुसरा आईबापानं. "तुमचं मराठी पोरांना कळतंय का, एकदा बघायला या," असं सांगलीच्या नर्स शैलाताई फोनवर म्हणाल्या आणि मी स्वारगेटहून एसटी पकडली.

कराडच्या अलीकडे-पलीकडे हायवेचं काम चालू आहे. पाच तास म्हणतात, सहा धरून चला. सांगलीत स्टँडजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळाली. संध्याकाळी नदीच्या घाटावर बसून भडंग खाल्लं. शैलाताईंनी एका आठ वर्षांच्या मुलाचा फॉर्म दाखवला. 'गेला आठवडा कसा गेला' यापुढे छापलेल्या चेहऱ्यांपैकी सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर त्यानं खूण केली होती. कारण विचारल्यावर तो म्हणाला होता, "सुई न्हाई टोचली." मी हसले. शैलाताई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गाडीतून एका मुलीच्या घरी फॉर्म भरून घ्यायला मेढ्याकडे निघालो. पेठ नाक्यावर मिसळ खाल्ली. तिखट झेपत नसेल तर कट वेगळा मागा. साताऱ्यानंतर कण्हेर धरणाचं पाणी रस्त्याला सोबत करतं. भातखाचरं, ढगात गेलेले डोंगर. मी भराभर फोटो काढत होते. सुट्टीवर आल्यासारखं वाटत होतं, हे लिहिताना लाज वाटते.

घर मेढ्याच्या पुढे चढावर होतं. ऋतुजा बारा वर्षांची. हाडाचा कॅन्सर, मोठे उपचार थांबवलेले. वडील मिलिटरीत. ती खिडकीशी कॉटवर टेकून बसली होती, केसांना रुमाल बांधलेला. तिची आई कल्पनावहिनी यांनी त्यांचा फॉर्म पटापट भरला. दुखतं का? नाही. झोप? चांगली. भीती? अजिबात नाही.

"लय शानी हाय," त्या म्हणाल्या. "कसली तक्रार न्हाई तिची." आणि चहा टाकायला आत गेल्या.

ऋतुजाचा फॉर्म मी वाचून दाखवू लागले. भीतीच्या प्रश्नाला तिनंही 'नाही'वर खूण केली. पुढचा प्रश्न होता, 'तुला भविष्याची चिंता वाटते का?'

"भविष्य म्हंजे पेपरात येतं ते?" तिनं विचारलं. "माझी कन्या रास हाय."

माझं भाषांतर तिथंच पडलं. मी घाईनं म्हणाले, "नाही गं, म्हणजे पुढचं. पुढच्या वर्षी काय होईल, असं."

"पुढच्या वर्षी मी नसणार," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. शाळेला सुट्टी असल्याचं सांगावं, तसं.

शैलाताई कॉटवर टेकल्या. "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"पप्पांना. सुट्टीवर आलते तवा डॉक्टरांशी फोनवर बोलत हुते, मी ऐकलं. आईला ठाऊक न्हाई. तिला सांगू नगा."

"आणि दुखतं का?"

ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, "लय. रात्री उशी चावते. आवाज झाला की आई रडती."

आतून कपांचा आवाज येत होता. चार पावलांवरच्या दोन माणसांनी एकाच पोरीचं आयुष्य लिहिलं होतं आणि दोन्ही कागदांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता.

"दुखण्याचं तरी आईला सांगू दे," शैलाताई म्हणाल्या. "औषध वाढवता येतं. बाकीचं तू सांग, तुला वाटेल तेव्हा."

तिनं होकाराची मान हलवली.

अंगणात शैलाताईंनी दुखण्याचं सांगितलं, तशा वहिनी पायरीवर बसल्याच. "मी विचारलं तर न्हाई म्हनायची," त्या म्हणाल्या. मग खूप हळू विचारलं, "ताई, तिला कळलंय का, की आता काय न्हाई उरलं?" म्हणजे त्यांनाही सगळं माहीत होतं.

"तिला विचारा, वहिनी. आज विचारा," शैलाताई म्हणाल्या. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

साताऱ्यात मी कंदी पेढे घेतले, सवयीनं. पुण्यापर्यंतच्या एसटीत डबा उघडला नाही.

घरी येऊन मी तो प्रश्न बदलला: 'पुढं काय होईल, असं मनात येतं का?' तीन आठवड्यांनी शैलाताईंचा फोन आला. मायलेकींनी पुन्हा फॉर्म भरले होते. दुखतं, थोडं. झोप लागते. भीती? पहिल्या वेळी दोघींनीही 'नाही'वर खूण केली होती. आता दोघींनी 'खूप'वर केली होती.

"भीतीचा आकडा वाईट आला म्हणायचा," मी म्हणाले.

"हो," शैलाताई म्हणाल्या. "पण आता दोघी एकाच कॉटवर झोपतात."