सात नंबरचा डबा

शाळेचा केर कोणी जपून ठेवतं का? आमच्या मावशी ठेवायच्या. मी शिकवायचो ती शाळा नवी पेठेच्या मागच्या गल्लीत. तिथे झाडलोट करताना छतावरून पडलेला चुना आणि गिलाव्याचे तुकडे त्या वेगळे काढायच्या आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत भरायच्या. प्रत्येक डब्यावर खडूने वर्गाचा नंबर. शनिवारी एकेक डबा हातावर तोलून बघायच्या. उमेदीची सगळी वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात आणि तोलण्यात गेलेली, त्यामुळे वजन त्यांच्या तळहाताला कळायचं. आणि मागांच्या खडखडाटाने कान गेल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही सगळ्या मजल्याला ऐकू जायचं.

"सर, सात नंबर लई झडतंय! मागल्या शनवारी डबा अर्धा व्हता, आता गळ्यापर्यंत आला की!"

सात नंबर म्हणजे सहावीचा वर्ग. त्याच सुमारास संस्थेने इमारतीच्या सुरक्षिततेसाठी एक ॲप घेतलं आणि मला मोबाइल बरा हाताळता येतो म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं. बिघाड दिसला की फोटो काढून तक्रार टाकायची, कंपनीचा इंजिनिअर तो फोटो बघून ठरवणार. तक्रार असेपर्यंत ॲपवर वर्ग लाल, मिटली की हिरवा. मी सात नंबरची तक्रार टाकली. पण चुना झडायचा तो तुळयांच्या आडच्या फटींतून, बाकी छताला नुकताच रंग दिलेला, आणि खालची फरशी मावशींनी शाळा भरायच्या आत झाडून पुसून लख्ख केलेली. फोटोत काय दिसणार, कपाळ? "दृश्य नुकसान नाही" असा शेरा आला आणि वर्ग हिरवा झाला. तीनदा टाकली, तीनदा हिरवा.

मी मावशींना म्हणालो, "उद्या फोटो काढेपर्यंत केर तसाच राहू द्या."

त्या भडकल्याच. "पोरं बसून जेवत्यात तितं! त्यांच्या डब्यात चुना पडू दिऊ व्हय? तुमाला फोटोच पायजे तर ह्या डब्याचा काढा की!"

डब्याचा फोटो टाकला. "कृपया योग्य फोटो जोडा" असं उत्तर आलं. ॲपवर खापर फोडून मला सुटता येणार नाही. इंजिनिअरला फोन करून बोलावणं, त्याच्यासमोर ते छत ठोकून दाखवणं माझ्या हातात होतं. मी केलं नाही. हिरवा रंग बघितला आणि पुढच्या तासाला गेलो.

मावशी गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सरळ हेडसरांच्या टेबलावर डबा ओतला. "हे आज फरशीवर पडतंय. उद्या पोरांच्या डोक्यात पडंल." हेडसर म्हणाले, "मावशी, आधी हे उचला. ॲपमध्ये सगळं व्यवस्थित आहे." मावशींनी एकेक तुकडा वेचून परत डब्यात टाकला आणि टेबल पुसून दिलं. मी दारात उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी सात नंबरमध्ये बादलीभर पाणी ओतायला लागल्या. "फरशी वली हाय, व्हरांड्यात बसा," म्हणून पोरांना बाहेर काढायच्या. आठ-दहा दिवस सहावीचा वर्ग व्हरांड्यात भरला. मग हेडसरांनी मला बोलावून ॲपमध्ये तक्रार टाकायला लावली, 'सफाई कर्मचाऱ्यामुळे वर्ग वापरता येत नाही.' मी टाकली. हो, मीच. ओली फरशी फोटोत काय छान दिसते! त्या तक्रारीचा निकाल एका दिवसात लागला. मावशी कंत्राटावर होत्या. उद्यापासून येऊ नका म्हटलं, संपलं. जाताना त्यांनी सात नंबरचा डबा माझ्या हातात दिला. "आता तुमी तोला."

मी तो कपाटावर ठेवून दिला. नवी बाई केर काढायची आणि फेकून द्यायची. पोरं पुन्हा आत बसू लागली.

सात नंबरच्या छताचा मोठा तुकडा पडला तो मधल्या सुट्टीत. आत एकच मुलगी डबा खात होती. तिचं कपाळ फुटलं, हात मोडला. जीव वाचला, तेवढं नशीब. मला आजही त्या शाळेचा, त्या हिरव्या रंगाचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा संताप येतो.

संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "केर कुणी काढला?"

"कुणी नाही. मुद्दाम तसाच ठेवलाय. पुरावा म्हणून फोटो काढलेत."

"पोरीचं रगत सांडलंय तितं, आन तुमी फोटो काढत बसला?" त्या गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "मला हितं काय सांगताय? जावा, झाडून काढा आदी! आन फेकू नका. भरून ठिवा."

तसाच शाळेत परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा वर्ग झाडला. फरशीवरचं रक्त पुसलं. सात नंबरचा डबा काठोकाठ भरला, उरलेलं दोन पोत्यांत घातलं. हेडसरांच्या खोलीत संस्थेची माणसं बसली होती. 'आमच्याकडे एकही तक्रार प्रलंबित नव्हती' असं पत्र लिहिणं चाललं होतं. मी डबा त्या पत्रावर ओतला.

"सर, हे उचला," हेडसर म्हणाले.

मी उचललं नाही.