सात वाजताचे मेसेज

"मी हात लावला की चालतं, तुम्ही लावला की बंद पडतं. हे कसं काय, महामाया मॅडम?"

उद्धव सरांनी केबिनमधून लॅपटॉप आणून महामायाच्या टेबलावर ठेवला. सर कधी ओरडत नसत. गोड बोलत, आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघत राहत.

लातूरच्या या मेडिकल प्रवेशाच्या क्लासचं ऑफिस महामाया सहा वर्षं सांभाळत होती. मूळची लोह्याची. वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. गाडी बंद पडून आली की ते ड्रायव्हरला म्हणायचे, "का पडली ते मी बघतो, कधी पडली ते तू सांग." चाळिशीतल्या महामायाला कॉम्प्युटरचं काम आलं ते असं, विचारत विचारत.

रोज संध्याकाळी ती मुलांची हजेरी आणि टेस्टचे मार्क शीटमध्ये भरायची. सकाळी सातला क्लाउडवरचा प्रोग्राम क्लासच्या खात्यातून ती शीट उचलायचा आणि चारशे पालकांना मेसेज धाडायचा. कुणी बटण दाबायला नको. इस्लापूरच्या आईला, शिरूर अनंतपाळच्या बापाला चहाबरोबर लेकराची खबर. हे सगळं बसवून दिलं यज्ञेशनं, आणि जूनअखेर तो समोरच्या क्लासात नोकरीला गेला. तेव्हापासून महिन्यातली एक सकाळ मेसेज जातच नव्हते. स्क्रीनवर लाल अक्षरं: कनेक्शन फेल. मग सर लॅपटॉप आत नेत, दार लावून पासवर्ड टाकत, की झालं चालू. जुलैपासून आज चौथी खेप.

"तुमचा भाऊ कुठं असतो म्हणालात?"

"अश्वजित? समोरच्या क्लासात. फिजिक्स शिकवतो."

"हां. म्हणजे यज्ञेशच्या शेजारीच." सर चहा पिणाऱ्या तीन मास्तरांकडे वळले. "आपले मेसेज बंद पडले तर फायदा कुणाचा, तुम्हीच सांगा."

मग ते परत महामायाकडे वळले.

"परत बंद पडलं, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल," सर म्हणाले आणि आत गेले.

महामायाचा संशय यज्ञेशवर. ज्यानं बसवलं त्यालाच पाडता येतं. जिन्यात उभं राहून तिनं त्याला फोन लावला.

"सरांनी करायला लावला का फोन?" तिकडून पहिला प्रश्न.

"मीच केला. खरं सांग, तुझा काही हात हाय का यात?"

"मॅडम, माझं लॉगिन मी जायच्या आधीच काढून घेतलं त्यांनी. आता सरांच्या एकट्याच्या लॉगिनवर चालून राहिलं ते." मग आवाज बारीक झाला. "रेकॉर्ड करून नाही ना राहिल्या तुम्ही?" आणि फोन कट.

घाबरलाय, म्हणजे पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. पण मग वडील आठवले. कधी पडली? तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर चारही तारखांना फुल्या मारल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार. वार जुळेना, तारीख जुळेना. जुळत होतं ते वेगळंच. प्रत्येक फुलीच्या चार-पाच दिवस आधी पेनाचा एक गोल होता, तिनं स्वतःच केलेला. पौर्णिमा. त्या दिवशी विहारात वंदनेला जायचं म्हणून ती तासभर लवकर निघे.

सरांनी हे बघितलं तर तिच्याविरुद्ध आयताच पुरावा. तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं.

"कुठं चालवलीस ते?" झाडू घेऊन पार्वतीबाई दारात उभ्या. क्लासात सगळे त्यांना मावशी म्हणत.

"मावशी, बघा ना. दर वेळी माझ्या पौर्णिमेनंतरच."

पार्वतीबाईंनी एकेका फुलीवर बोट ठेवलं. "तुझ्या पौर्णिमेचं काय घेऊन बसलीस. समद्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवसाच्या हायेत या. आदल्या दिशी सरांचा उपास. सांजच्याला दार लावून गणपतीची पूजा करतेत. मला सुदिक आत घेत न्हाईत. जुलैपासून हे नवीनच काढलंय."

पुढची संकष्टी आली. पाच वाजता महामायानं स्वतःच्याच फोनवर चाचणीचा मेसेज सोडला. आला. सहाला केबिनचं दार लागलं, फटीतून उदबत्तीचा वास आला. दार उघडल्याबरोबर तिनं दुसरा मेसेज सोडला. लाल अक्षरं. तसाच उघडा लॅपटॉप उचलून ती आत गेली.

"सर, पूजा झाल्यावर काय केलंत?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"पाचला चालत होतं, आता बंद आहे. मधे मी खुर्चीवरून उठले नाही. मावशी बसल्या होत्या समोर."

सरांचा हात टेबलावरच्या छोट्या वहीवर गेला आणि तिथंच राहिला. "फोनवरून खात्याचा पासवर्ड बदलतो," ते म्हणाले. "दर संकष्टीला. यज्ञेश गेल्यापासून. बाप्पासमोर नवा ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही."

"तुम्ही कुलूप बदलता, सर. क्लाउडवरचा प्रोग्राम जुनीच किल्ली घेऊन सातला दारात उभा. मग सकाळी तुम्हीच नवी किल्ली लावता, म्हणून तुमच्या हातानं चालतं."

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. "म्हणजे बदलू नको?"

"बदला ना. बदलला की लगेच जोडणी परत करून घ्यायची, दोन मिनिटांचं काम. पण अश्वजितचं नाव तुम्ही सगळ्यांसमोर घेतलं होतं. ते सगळ्यांसमोरच मागं घ्या."

सर उठून दारापर्यंत आले. मास्तर घरी गेले होते. बाहेर एकट्या पार्वतीबाई.

"मावशी, मॅडमचा यात काही हात नव्हता. त्यांच्या भावाचाही."

"मला कशाला सांगता? मी कवा म्हणलं हुतं?"

"उद्या दहाला मास्तर असतात," महामाया म्हणाली. सरांनी मान डोलावली.

मग त्यांनी एका हाताचा आडोसा धरून नवा पासवर्ड टाकला. महामाया तोवर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चाचणीचा मेसेज तिच्या फोनवर वाजला.

ती दारापर्यंत पोचली तसा मागून गोड आवाज आला.

"पण मॅडम, माझ्या संकष्टीचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

बाहेर पार्वतीबाईंचा झाडू थांबला.

"कॅलेंडरनं," महामाया म्हणाली.