सायकलच्या नळीवरचे दोन खुंट

कुठल्याही मंडळींत किस्से साठतात ते कोणी साठवत नसताना! माझ्या वहीचंच बघा. डाव्या पानावर मी जुन्या रेसिंग सायकलींच्या फ्रेमचे तपशील लिहितो. उजवं पान चुका दुरुस्त करायला कोरं सोडलेलं. नऊ वर्षांनी बघतो तर डावी पानं अर्धी रिकामी, आणि उजवीकडे किश्श्यांमुळे समासातसुद्धा जागा नाही!

आमची मंडळी म्हणजे पावणे गावच्या म्हात्रेदादांच्या गाळ्यात रविवारी सकाळी जमणारी तीन-चार डोकी. दादांचं काम गॅसवर पितळ वितळवून लोखंड जोडायचं. जुन्या स्टीलच्या फ्रेमवर गिअरची लिव्हर, पाण्याची बाटली, ब्रेकची केबल धरायला जे बारीक खुंट आणि कड्या असतात, ते अशाच पितळाने झाळून बसवलेले असतात. फार जुन्या फ्रेमवर ते नसायचेच. सगळं पट्ट्यांनी आवळून बसवत. मग एकेक खुंट हळूहळू फ्रेमवरच आला. त्यामुळे कोणता खुंट आहे आणि कोणता नाही, एवढ्यावरून फ्रेमचं वय सांगता येतं. म्हणजे, सांगता येतं असं आम्ही समजतो!

*

शिंदेशेठ एपीएमसी मार्केटात कांद्याचे व्यापारी, मूळचे जुन्नरकडचे. एकदा गोणपाटात गुंडाळून एक फ्रेम घेऊन आले. चेहरा असा, की नातू झालाय!

"बघा. एक कडी नाही, एक खुंट नाही. साठच्या दशकातली! घाला हार."

दादांनी नळीखालून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग फ्रेम दाराच्या उजेडात तिरकी धरली.

"शेठ, खुंट व्हते. कोनीतरी घासून काढल्यान."

विकणाऱ्याने फ्रेम म्हातारी दिसावी म्हणून सगळे खुंट कानशीने उडवून वरून रंग मारला होता! शेठ गोणपाट पुन्हा गुंडाळायला लागले.

"तीस वर्षांत मला कोणी जुना कांदा नवा म्हणून देऊ शकला नाही. आन् हितं नवी सायकल जुनी म्हणून गळ्यात मारली राव!"

तेव्हापासून ते प्रत्येक फ्रेमचा आधी वास घेतात.

*

जयाताई सारसोळ्याच्या. बँकेत अधिकारी, पन्नाशीच्या. रिक्षात मांडीवर आडवी फ्रेम घेऊन आल्या. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही.

"विकायची नाहीये. फक्त साल सांगा."

त्यांचे वडील लग्नाआधी शर्यतीत उतरायचे. घाट चढून पार पुण्यापर्यंत! गोदीतल्या एका खलाशाकडून ही इटालियन सायकल घेतली होती म्हणे. बहात्तर साली लग्न झालं, मासळीचा धंदा मागे लागला, शर्यती सुटल्या. फोटो नाही, कप नाही. धाकटा भाऊ कायम म्हणत आलाय, बाबांनी ती भंगारातून उचलली आणि वर गोष्ट रचली.

"मग बाबांनाच विचारा ना," शेठ म्हणाले.

"त्यांना आता सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही." ताई फ्रेमकडेच बघत होत्या. "मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, माझे बाबा रेसर होते. ते खरं होतं का, एवढं मला कळू दे."

मी व्हर्नियर काढलं. तासभर मोजत होतो. तिरक्या नळीवर, दोन्ही बाजूंना एकेक खुंट. गिअरच्या लिव्हरचे! म्हणजे सत्तरचं दशक संपता संपताचा काळ. वरच्या आडव्या नळीवर आणखी दोन खुंट होते. त्यांचा अर्थ लागेना. शेठ म्हणाले शर्यतीतल्या नंबरप्लेटचे, मी म्हणालो पंपाचे. वहीत तिथे प्रश्नचिन्ह घातलं आणि मान वर केली.

"ताई, ही फ्रेम लग्नानंतरची आहे. पाच-सहा वर्षं तरी."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. उठल्या, पर्स घेतली.

"फ्रेम?"

"राहू दे इथेच. घरी नेऊन भावाला काय सांगू?"

*

ते 'बरं' काही डोक्यातून जाईना. आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्याकडे ऐंशीच्या दशकातली परदेशी सायकल आहे. म्हटलं, तिच्या लिव्हरचे खुंट एकदा नीट बघू. शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये तिच्याखाली उताणा पडून टॉर्च मारत होतो.

वॉचमन धावत आला. "साहब, गिर गये क्या?"

त्याने पाणी आणलं. पाण्यामागून सेक्रेटरी आले. सेक्रेटरींमागून तळमजल्यावरची दोन कुटुंबं आली. गर्दी बघून माझी बायको बाल्कनीतून ओरडली, "काही झालेलं नाही त्यांना! वय बघतायत!"

"कोणाचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सायकलचं! माझं कधी बघितलंय का?"

सगळे हसत होते आणि मी तसाच पडून. कारण टॉर्चच्या उजेडात जे दिसलं, ते नऊ वर्षांत मी कधी टिपलंच नव्हतं. लिव्हरच्या खऱ्या खुंटाचं बूड चौकोनी असतं, लिव्हर जागच्या जागी फिरू नये म्हणून. जयाताईंच्या फ्रेमवरचे खुंट सरळ गोल होते!

"चुकलो," मी पडल्या पडल्या म्हणालो.

"कोई बात नहीं साहब," वॉचमन म्हणाला. "पानी पियो."

*

दुसऱ्या दिवशी दादांना हे सांगितलं, तर त्यांनी मानही वर केली नाही.

"ते लिवरचं खुंट नायच. मी पयल्याच दिवशी बगितला."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी इचारलाच नाय! तुमी वहीन लिवत व्हते."

मग त्यांनी फ्रेम शिकंज्यात धरली आणि खुंटाभोवतीचा रंग हलक्या हाताने खरवडला. फ्रेमचे मूळचे सांधे कागदासारखे पातळ. खुंटाच्या बुडाला मात्र पितळाचा हा एवढा ढीग!

"ह्यो सायकलवाल्याचा हात नाय. बोटीचा इंजिन दुरुस्त करनाऱ्याचा हाय. आनि हितं बगा."

खुंटांच्या जरा खाली, नळीभोवती एक बारीक वळ होता. वर्षानुवर्षं पट्टा आवळल्याचा. म्हणजे मूळची लिव्हर पट्ट्यावरच होती. फ्रेम पट्ट्यांच्या जमान्यातली, खुंट मागाहून आलेले!

"म्हंजे जुनीच निघाली की," शेठ म्हणाले. "लावा फोन ताईला."

"पण ती लग्नाआधी ताईंच्या बाबांकडेच होती, हे कुठे कळलं? खुंटांसकट भंगारात मिळाली असेल तर? कोणी लावले, कधी लावले, कशाला लावले?" मी म्हणालो.

"ते नंतर. आधी चुकलो म्हणून सांगा. तेवढं पुरं," शेठ म्हणाले.

सांगितलं. मग ताई म्हणाल्या, "तुम्ही फ्रेम घेऊन घरीच या. बाबांना दाखवून तरी बघू."

*

सारसोळ्याला आम्ही तिघे गेलो. दारात भाऊ उभा.

"या. आज कुठलं साल काढलंत?"

बाबा ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगात स्वच्छ बनियन, हात मांडीवर. जयाताई आमच्यासाठी पाणी घेऊन आल्या, तर त्यांना बघून जरा सरकले आणि म्हणाले, "या ताई, बसा. कुठून आलाव?"

ताईंनी ट्रे खाली ठेवला. "इथूनच," म्हणाल्या.

मी फ्रेम त्यांच्यासमोर उभी धरली. "काका, ही तुमची सायकल ना?"

बाबा रस्त्याकडे बघत राहिले.

"शर्यतीला नेत होता ही?"

बाबांची नजर रस्त्यावरच. भाऊ हसला नाही, पण मोबाइल काढून बसला. दादांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, पुरे आता. मी फ्रेम उचलायला वाकलो.

तेवढ्यात बाबांचा हात पुढे आला. आडव्या नळीवरून सावकाश सरकत गेला आणि त्या दोन खुंटांपाशी थांबला. तिथली धूळ त्यांनी बनियनच्या टोकाने पुसली. मग तिरक्या नळीवरचा एक खुंट चाचपला. वाकून पलीकडच्या बाजूचा चाचपला. दोन्ही जागेवर आहेत म्हटल्यावर आडव्या नळीवर, तिथल्या दोन खुंटांच्या मधोमध, तळहाताने दोनदा थोपटलं आणि जयाताईंकडे वळले.

"जयू, चल, बस. पाय खुंटांवर ठेव. चाकात घालू नको हां!"