बुधाजींच्या मोहावरचे पोपट

आमच्या नाकाडोंगरीच्या शाळेची घंटा कधी वेळेवर होत नसे, आणि त्याला कारण पोपट होते. शिपाई बुधाजी हातोडी उगारत, एवढ्यात डोक्यावरून पोपटांचा थवा गेला की त्यांचा हात हवेतच थांबे. हेडमास्तर ओरडत, "बुधाजी, घंटा!" थवा रानाआड होईपर्यंत बुधाजी मान खाली करत नसत. "थांबा ना जी," एवढंच म्हणत, "आयकू द्या." आम्ही पोरं हसायचो.

मी त्यांचा ऋणी आहे. आमचं घर एका खोलीचं, माणसं सात, आणि माझ्याआधी दहावीचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. रविवारी बुधाजी माझ्यासाठी एक वर्ग उघडून देत आणि स्वतः दारात बसून राहत. "तू वाच. मी हावो इथं."

अशाच एका रविवारी मी विचारलं, "काका, पोपटांत काय ऐकता?" त्यांनी घंटेची हातोडी मांडीवर घेतली. मग त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको सगुणाबाई जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. बायकांनी उखाण्याचा आग्रह केला तरी पदर तोंडात धरून पळायची. हाक मारायची ती नुसतं "अवो" म्हणून. ती तापाने गेली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, रिकाम्या घरात, पडवीतल्या राघूच्या पिंजऱ्यातून हुबेहूब तिचा आवाज आला: "बुधाजी, जेवाले या ना."

"अंगावर काटाच आला बाप्पा. जे नाव तिनं जितेपणी घेतलं नाही, थे मेल्यावर कशी घेते? मले वाटलं, जीव अडकला तिचा त्या राघूत. दार उघडलं न् हाकललं त्याले रानात." ते हातोडीकडे पाहत राहिले. "महिन्यानं ध्यानात आलं. पाखरू का पोटातून शिकून येते? मी शाळेत आलो का एकटीच बसून शिकवत असंन त्याले. रोज माह्यं नाव घेत असंन. आन् मी साधी ओ बी नाही देल्ली तिले."

बीएस्सी झाल्यावर मला वनखात्यात कंत्राटी काम मिळालं. रानात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण पाहायचं आणि कोणतं जनावर, किती, ते लिहायचं. एका दुपारी पडद्यावर मोहाचं वाळकं झाड होतं. ढोलीपाशी पोपट भांडत होते. त्या कलकलाटात अचानक एक बाईमाणूस बोललं, "बुधाजी, जेवाले या ना." चित्रात माणूस नव्हतं. मग दुसऱ्या फांदीवरून तेच. मग ढोलीतून मान काढलेल्या पिल्लाने तेच म्हटलं. त्याला अजून पुरती पिसंही फुटली नव्हती. सगुणाबाईंना जाऊन तोवर चौदा वर्षं झाली होती.

साहेबांना विचारून मी बुधाजींना बोलावलं. ते तेव्हा निवृत्त झाले होते. पडद्यासमोर ते हात जोडून बसले, देवळात बसावं तसे. "मांगं घे," म्हणाले. मी घेतलं. "अजून एक डाव." शेवटी दुपट्टा डोक्याला गुंडाळत उठले. "झाड कोणतं थे सांग मले."

त्यानंतर ते मला पडद्यावर दिसू लागले. रोज दुपारी मोहाखाली, मांडीवर डबा. वरून हाक आली की मान वर करून म्हणत, "आलो वो, आलो." खोकत, अडखळत. मगच झाकण उघडत. पहिला घास झाडाच्या बुडाशी ठेवत. मी रकान्यात लिहीत असे, "माणूस, एक." लिहिताना उगाच मागे वळून पाहत असे.

पौषात ते झोपेतच गेले. मी खांदा दिला.

होळीच्या सुमारास त्या मोहाचं नवं चित्रीकरण आलं. झाडाखाली पाचोळा होता, बाकी कोणी नाही. भर दुपार. वरून हाक आली, "बुधाजी, जेवाले या ना." सगळे पोपट गप्प झाले. मग ढोलीच्या आतून, आधी खोकला, मग घोगऱ्या आवाजात: "आलो वो, आलो."

"काहून थांबला रे?" मागून साहेब म्हणाले. "पोपट लिही न् पुढचं लाव."

माझं बोट बटणावर अधांतरी राहिलं होतं.

"थांबा ना जी," मी म्हणालो. "आयकू द्या."